पत्राचा अभ्यास आणि पत्राचा संसार

एखादी विद्या विद्यापीठात शिरली, तिला स्वतंत्र खोली, स्वतंत्र विभागप्रमुख आणि स्वतंत्र पदवी मिळाली, म्हणजे ती विद्या त्या समाजात रुजली, असा एक सोयीस्कर समज आपल्या सुशिक्षित वर्गात रूढ झाला आहे. वस्तुतः विद्येस छप्पर मिळणे निराळे आणि मूळ फुटणे निराळे. पुष्कळ विद्यांस छपरे मिळाली, त्यांखाली पिढ्यान्‌पिढ्यांनी परीक्षा दिल्या, आणि तरीही त्या विद्यांनी ज्या भाषेच्या अंगणात बस्तान मांडले त्या भाषेस त्यांच्यापासून चार चांगले ग्रंथदेखील लाभले नाहीत. वृत्तपत्रे, नियतकालिके, नभोवाणी, चित्रपट आणि आता हातातील दूरध्वनीवर उमटणारी बातमी, या सर्वांचा विचार करणारी जी विद्या हल्ली जनसंवादविद्या म्हणून ओळखली जाते, तिच्याविषयी हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे असे आम्हांस वाटते. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरातील मुलेमुली आज ह्याच विद्येची पदवी घेत आहेत. कित्येकजण तीत प्राध्यापकी करण्याची उमेद बाळगून आहेत. तेव्हा ह्या विद्येच्या प्राध्यापकाने मराठीसाठी नेमके काय करावयाचे असते, ह्याचा विचार केवळ शिक्षकांपुरता राहिलेला नाही.

नागपूरकरांस तर ह्या बाबतीत थोडा अभिमानही बाळगता येईल. हिंदुस्थानात वृत्तविद्येचे शिक्षण विद्यापीठीय पातळीवर स्थिरपणे सुरू झाले ते १९४१ साली लाहोर येथे, पंजाब विद्यापीठात. फाळणीनंतर ते तेथून निर्वासितांबरोबरच अलीकडे आले. मद्रास, कलकत्ता, म्हैसूर अशी केंद्रे मागोमाग निघाली. आणि १९५२ साली आमच्या नागपुरात हिस्लॉप महाविद्यालयात वृत्तविद्येचा विभाग उघडला गेला. त्याची घडी बसविण्यासाठी अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वूल्सली हे येथे येऊन राहिले, आणि १९५३ साली त्यांनी ‘जर्नालिझम इन मॉडर्न इंडिया’ हा ग्रंथ संपादित करून प्रसिद्ध केला. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील विभाग १९६४ साली निघाला आणि दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ साली. म्हणजे महाराष्ट्रात ह्या विद्येचे पहिले बिऱ्हाड नागपुरास पडले, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु अभिमानाचा हा विषय येथेच संपवून पुढे जाणे बरे. कारण १९५२ साली ज्या विद्येस छप्पर मिळाले तिचा धंदा ह्या शहरात त्यापूर्वी अर्धशतक चांगला भरभराटीत होता. अच्युत बळवंत कोल्हटकरांनी ‘देशसेवका’च्या रूपाने नागपूरकरांस जहाल लेखणीची चव लावली होती. १९११ साली ‘हितवाद’ निघाला, १९१४ साली गोपाळराव ओगल्यांचा ‘महाराष्ट्र’ निघाला. त्याच ‘महाराष्ट्रा’त उमेदवारी करून पुढे १९४४ पासून ‘तरुण भारता’ची धुरा वाहणारे ग. त्र्यं. माडखोलकर टीकाकार, कादंबरीकार आणि संपादक अशा तिन्ही नात्यांनी मराठीत मान्यता पावले आणि १९४६ साली बेळगावच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. ह्या नामावळीत जे नाव सहसा घेतले जात नाही तेही येथे घेतले पाहिजे: किसन फागूजी बनसोडे. मोहपा गावच्या ह्या गृहस्थाने अस्पृश्य समाजासाठी ‘मजूर पत्रिका’ आणि ‘चोखामेळा’ ही पत्रे चालविली, तीही ज्या काळात त्या समाजातील साक्षर माणसे बोटांवर मोजावी लागत त्या काळात. ह्यांपैकी कोणीही वृत्तविद्येची पदवी घेतलेली नव्हती. धंदा आधी, विद्या मागाहून, हा क्रम सर्वत्रच असतो. वैद्यकाचाही तोच, स्थापत्याचाही तोच. प्रश्न एवढाच की, मागाहून आलेल्या विद्येने आधीच्या धंद्यास काय दिले?

आज धंतोलीत टिळक पत्रकार भवन आहे. पुढाऱ्यांच्या पत्रकार परिषदा, संघटनांची निवेदने, निषेध आणि खुलासे ह्यांची वर्दळ तेथे रोजची. ह्याच धंतोलीत रामकृष्ण मठ आहे, जेथून ‘जीवन-विकास’ हे मराठी मासिक १९५७ सालापासून निघत आले आहे. एकाच वस्तीत एकीकडे दिवसाची बातमी आणि दुसरीकडे महिन्याचे चिंतन, अशी दोन्ही प्रकारची पत्रसृष्टी नांदते. हिस्लॉप महाविद्यालय येथून रिक्षाने पाव तासाच्या अंतरावर. परंतु त्या वर्गखोलीतील विद्या आणि धंतोलीतील ही जिवंत सृष्टी ह्यांमधले अंतर मात्र रिक्षाने कापता येण्याजोगे नाही. वर्गात विद्यार्थी अमेरिकन पाठ्यपुस्तकांतील संवादाच्या आकृत्या गिरवितो: प्रेषक, संदेश, माध्यम, ग्राहक. बाहेर येऊन तो पत्रकार भवनाच्या पायऱ्या चढतो, तेव्हा ह्या आकृतीतील ‘ग्राहक’ कोण, तो कोणत्या जातीचा, कोणत्या पेठेतला, पत्र विकत घेतो की शेजाऱ्याकडून मागून वाचतो, ह्याविषयी त्या आकृतीने त्यास एक अक्षरही सांगितलेले नसते.

ह्याचा अर्थ हे विभाग निरुपयोगी ठरले असा नव्हे. त्यांनी शेकडो वार्ताहर आणि उपसंपादक तयार केले; शुद्धलेखन, मथळा, मुद्रणाचे तंत्र आणि कायद्याचे भान ह्या गोष्टी शिकविल्या. ते काम प्रामाणिक होते आणि आहे. पण ते शिक्षण होते, विद्या नव्हे. मराठी पत्रांच्या इतिहासाचे जे मूलभूत काम झाले ते बव्हंशी ह्या विभागांच्या कक्षेबाहेर झालेले दिसेल. मराठी नियतकालिकांची इ. स. १८०० ते १९५० पर्यंतची सूची करावयास शं. ग. दात्यांसारखा सूचीकार आणि त्याचे सहकारी लागले. ‘मराठी ज्ञानप्रसारक’ ह्या १८५० साली निघालेल्या मासिकाचा साक्षेपी अभ्यास केला तो वा. ल. कुलकर्णी ह्या मराठीच्या प्राध्यापकाने. आणि ज्या एका अभ्यासकाच्या कामगिरीचे परीक्षण आम्ही ह्या लेखात मुख्यतः करणार आहोत, तोही मराठीचाच प्राध्यापक होता, आणि जन्माने नागपूरकर होता. ते म्हणजे दिवंगत डॉ. गंगाधर पानतावणे.

पानतावण्यांचा जन्म २८ जून १९३७ रोजी नागपुरास झाला. शिक्षण येथेच झाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ह्याच शहरात जो धर्मांतराचा सोहळा झाला, त्या वेळी ते एकोणीस वर्षांचे होते. पुढे तत्कालीन औरंगाबादेस, पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या मिलिंद महाविद्यालयात आणि नंतर मराठवाडा विद्यापीठाच्या मराठी विभागात त्यांनी अध्यापन केले. २००९ साली अमेरिकेत सॅन होजे येथे भरलेल्या पहिल्या विश्व मराठी साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०१८ साली त्यांस पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी २७ मार्च रोजी ते वारले. हे झाले पंचांग. त्यांच्या कामाचे मर्म दोन गोष्टींत आहे. डॉक्टरेटसाठी त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या पत्रकारितेचा विषय निवडला, आणि त्याचे फळ म्हणजे १९८७ साली प्रसिद्ध झालेला ‘पत्रकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा ग्रंथ. आणि दुसरे, त्यांनी ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक सुमारे अर्धशतक चालविले. एकात पत्राचा अभ्यास, दुसऱ्यात पत्राचा संसार. आमचे म्हणणे असे की, ह्या दोहोंपैकी कोणतेही एक वगळले तर दुसऱ्याची किंमत कमी होते. आणि जनसंवादविद्येच्या आजच्या प्राध्यापकाने शिकण्याजोगे जे आहे ते ह्या जोडणीत आहे.

प्रथम ग्रंथाकडे वळू. आज आंबेडकरांच्या पत्रकारितेविषयी बोलणे सोपे झाले आहे. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ ह्यांचे अंक महाराष्ट्र शासनाने १९९० साली एकत्र छापून उपलब्ध केले. तेव्हापासून कोणासही घरबसल्या ते चाळता येतात. पानतावण्यांनी काम केले ते त्यापूर्वी. जुने अंक विखुरलेले, कागद जीर्ण झालेला. आणि मराठी वृत्तपत्रांचा इतिहास म्हटला की ‘दर्पण’, ‘प्रभाकर’, ‘केसरी’, ‘सुधारक’, ‘काळ’ अशी पाठ झालेली माळ ओढावयाची, अशी विद्वानांची रीत. त्या माळेत ‘मूकनायका’स जागा नव्हती. रत्नाकर गणवीरांसारख्या संग्राहकांनी अग्रलेख गोळा करण्याचे कष्ट घेतले, आणि पानतावण्यांनी त्या सामग्रीस विद्यापीठीय प्रबंधाचा दर्जा मिळवून दिला. एखादा विषय अभ्यासयोग्य आहे असे सिद्ध करणे हेच जेथे पहिले संशोधन असते, अशा प्रकारातील हा ग्रंथ होय. आंबेडकर घटनाकार म्हणून, अर्थशास्त्रज्ञ म्हणून, पुढारी म्हणून सर्वांस ठाऊक होते. परंतु ते मराठी गद्याचे एक समर्थ लेखक आणि जातिवंत संपादक होते, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासक्रमास ठणकावून सांगण्याची गरज होती, आणि ती ह्या ग्रंथाने भागविली.

ह्या विषयात संवादशास्त्राच्या दृष्टीने केवढी श्रीमंती भरली आहे ते पाहा. ‘मूकनायक’ ह्या पाक्षिकाचा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत निघाला. त्यासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. आंबेडकर त्या वेळी सिडनहॅम ह्या सरकारी महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक. सरकारी नोकरीत असल्यामुळे संपादक म्हणून त्यांचे नाव घालता येईना. ते पांडुरंग नंदराम भटकरांचे घातले गेले. म्हणजे मुक्यांचा नायक म्हणवणाऱ्या पत्राचा खरा संपादकच नाव न लावता बोलत होता, आणि त्याचे कारण त्याची प्राध्यापकी! पत्राची जाहिरात पैसे भरूनही छापण्याचे ‘केसरी’ने नाकारले, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. पत्रसृष्टीत प्रवेश करणाऱ्यास प्रथम प्रस्थापित पत्रांची दारे ठोठवावी लागतात आणि ती आतून बंद असतात, हा सिद्धांत सांगण्यासाठी ह्याहून बोलके उदाहरण कोणत्या परदेशी पाठ्यपुस्तकात मिळणार आहे?

पुढे ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ निघाले. आता संपादकाचे नाव उघड होते. चवदार तळ्याचा सत्याग्रह नुकताच होऊन गेलेला. पत्राचे रकाने भरण्यास दुसरे हात मिळेनात, तेव्हा चोवीस चोवीस रकान्यांचा मजकूर एकट्या संपादकास लिहावा लागे. पत्र कर्जात बुडाले, तेव्हा १९२८ साली त्या कर्जाविषयी संपादकास आपल्या वाचकांपुढे अग्रलेख मांडावा लागला. ‘मूकनायका’च्या शिरोभागी तुकोबांचे बोल आणि ‘बहिष्कृत भारता’च्या शिरोभागी ज्ञानोबांच्या ओव्या! ज्या समाजास देवळात प्रवेश नव्हता त्याच्या पत्राने महाराष्ट्राच्या संतवाणीवर आपला वारसा असा पहिल्या पानावरच सांगावा, ह्यातील अर्थ नुसत्या राजकीय इतिहासकाराच्या ध्यानात येणार नाही आणि नुसत्या वार्ताहराच्याही येणार नाही. तो ध्यानात यावयास वाङ्मयाची ओळख आणि पत्रव्यवहाराची समज, दोन्ही लागतात. मराठीचा प्राध्यापक ह्या कामास पुढे आला ह्यात म्हणूनच नवल नाही.

मात्र मराठीच्या प्राध्यापकाने केलेल्या कामास त्याच्या विषयाच्या मर्यादाही चिकटतात, हे सांगितले पाहिजे. आपल्या वाङ्मयीन शिक्षणाने आपणांस लेखकाकडे पाहावयास शिकविले आहे, वाचकाकडे नव्हे. अग्रलेखातील विचार, युक्तिवाद, उपरोध आणि शैली ह्यांचे विवेचन आपण चवीने करतो. परंतु तो अंक किती खेड्यांत जात होता, टपालाने जात होता की कोणा गिरणीकामगाराच्या पिशवीतून, चाळीत तो मोठ्याने वाचून दाखविणारा कोण आणि ऐकणारे किती, वर्गणी थकविणारे कोण आणि उपाशी राहून भरणारे कोण, हे प्रश्न आपल्या समीक्षेच्या चौकटीत बसत नाहीत. ज्या समाजात बहुसंख्य लोक निरक्षर, त्या समाजाच्या पत्राचा ‘वाचक’ हा बहुधा श्रोता असतो. आणि त्या श्रोत्याचा इतिहास अग्रलेखांच्या संग्रहातून उभा राहत नाही. तो आठवणींतून, हिशेबाच्या वह्यांतून, वर्गणीदारांच्या याद्यांतून आणि जुन्या कार्यकर्त्यांच्या मुलाखतींतून उभा करावा लागतो. पानतावण्यांच्या ग्रंथाने लेखणीचा अभ्यास प्रतिष्ठित केला. कानाचा अभ्यास पुढच्या पिढीवर सोपविला. जनसंवादविद्येचा खरा वाटा येथे होता. ज्या विद्येच्या नावातच ‘संवाद’ आहे, तिने संवादाच्या दुसऱ्या टोकास बसलेल्या माणसाकडे जावयाचे; आणि नेमके तेच काम ती विद्या अद्याप पुरतेपणी अंगावर घेत नाही.

आता दुसऱ्या कामगिरीकडे येऊ. मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात डॉ. म. ना. वानखडे ह्यांच्या प्रेरणेने १९६७ साली ‘अस्मिता’ हे नियतकालिक सुरू झाले आणि १९६८ पासून ते ‘अस्मितादर्श’ ह्या नावाने ओळखले जाऊ लागले. वानखडे अमेरिकेत राहून आलेले. तेथील कृष्णवर्णीयांच्या वाङ्मयाची ओळख त्यांनी मराठीस करून दिली. परंतु दूरच्या वाङ्मयाची ओळख करून देणे एक, आणि आपल्याच गावातील मुलाची पहिली कविता दुरुस्त करून छापणे दुसरे. हे दुसरे काम पानतावण्यांनी वर्षानुवर्षे केले. त्या वेळी मुंबईचे ‘सत्यकथा’ हे मराठी नवसाहित्याचे अधिष्ठान मानले जाई. तेथे लेख आला म्हणजे लेखकास मान्यता आली. त्या अधिष्ठानाची अभिरुची ज्या जीवनानुभवातून घडली होती, त्यात महारवाडा नव्हता, मांगवाडा नव्हता, पालावरची वस्ती नव्हती. ज्याच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे पण सांगण्याची प्रचलित रीत नाही, अशा लेखकाने जावे कोठे? त्या प्रश्नाचे उत्तर एका त्रैमासिकाच्या रूपाने औरंगाबादेस तयार झाले. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडले. ‘अस्मितादर्श’ त्यानंतरही तीन दशकांहून अधिक काळ निघत राहिले, हा नियतीचा एक विलक्षण न्याय म्हणावा लागेल.

ज्यांनी कधी लहान नियतकालिक चालविले आहे त्यांसच ठाऊक असेल की, त्याच्या संपादकास एका अंगाने साहित्यिक आणि आठ अंगांनी कारकून व्हावे लागते. लेखकांस पत्रे लिहावयाची, मुद्रिते तपासावयाची, कागदाच्या भावाशी झगडावयाचे, वर्गणीची स्मरणपत्रे धाडावयाची, परत आलेल्या अंकांचे पत्ते शोधावयाचे. पानतावण्यांनी मेळावे भरवून लेखक आणि वाचक ह्यांस समोरासमोर आणले, हे त्यांच्या संपादनाचे विशेष लक्षण होय. त्यांच्या दृष्टीने नियतकालिक म्हणजे छापील कागदांचा गठ्ठा नव्हता. ती एक बैठक होती. संवादविद्येचे पंडित ज्यास वाचकसमुदायाची घडण म्हणून आपल्या व्याख्यानांत गौरवितात, ती घडण ह्या प्राध्यापकाने व्याख्यान न देता करून दाखविली. आणि म्हणूनच, जेव्हा ते ‘बहिष्कृत भारता’च्या कर्जाविषयी किंवा एकट्याने भरलेल्या रकान्यांविषयी लिहितात, तेव्हा लिहिणारा माणूस त्या वाटेने स्वतः चालून आलेला असतो. अभ्यासास संसाराचे बळ मिळते ते असे.

ह्या भूमिकेतही धोका नाही असे नव्हे. संपादक, समीक्षक आणि प्राध्यापक ही तीन आसने एकाच व्यक्तीने भूषविली, म्हणजे ज्याची पहिली कविता आपण छापली त्याच्याच दहाव्या पुस्तकाची कठोर परीक्षा करणे अवघड जाते. माळ्यास रोपाची ममता असते. खुरप्याने कोवळे अंकुर उपटणे त्याच्या जिवावर येते. ‘अस्मितादर्शा’तून जे लेखन आले त्यात प्रथम प्रतीचे जसे पुष्कळ होते, तसे केवळ आवेशाने तरलेलेही होते, आणि चळवळीच्या वाङ्मयात आवेशास गुणांचे मोल मिळण्याचा प्रकार नेहमीच घडतो. परंतु ह्या दोषाची तुलना ज्या दोषाशी करावयाची तो दोष कोणता, हेही पाहिले पाहिजे. दार उघडे ठेवल्यामुळे चार सामान्य पाहुणे आत आले, हा एक दोष. आणि दार बंद ठेवल्यामुळे चार असामान्य पाहुणे रस्त्यावरच राहिले, हा दुसरा. वाङ्मयाच्या इतिहासात पहिल्या दोषाची भरपाई काळ आपोआप करतो. सामान्य लेखन विसरले जाते. दुसऱ्या दोषाची भरपाई कोणीही करू शकत नाही. न लिहिलेले पुस्तक कोणत्याही सूचीत सापडत नाही.

पानतावण्यांची कारकीर्द ज्या काळात झाली त्या काळी प्राध्यापकाच्या कामाचा हिशेब गुणांनी मांडला जात नव्हता. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमणूक आणि बढती ह्यांसाठी गुणांकनाची पद्धत आणली. शोधनिबंधास इतके, परिसंवादास तितके. पुढे नियम बदलले. मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी आली. २०२५ साली तीही मोडीत निघाली. याद्या येतात आणि जातात, पण त्यांनी लावलेली सवय राहते. त्या सवयीच्या हिशेबात पानतावण्यांसारख्याच्या कामाचे काय होईल, ह्याचा विचार करून पाहावा. अंक सिद्ध करण्यात तीन महिने गेले, त्यास गुण किती? विदर्भातील एखाद्या शिक्षकाचे आत्मकथन तीनदा परत पाठवून चौथ्यांदा छापले, त्यास गुण किती? उलट, कोणी न वाचणाऱ्या नियतकालिकात, कोणास न समजणाऱ्या भाषेत, कोणी न विचारलेल्या प्रश्नावर आठ पाने खरडली, तर त्यास मात्र गुण आहेत. जनसंवादाच्या प्राध्यापकाने कोणाशीही संवाद न करता बढती मिळवावी, ही परिस्थिती एखाद्या प्रहसनास शोभण्याजोगी आहे.

येथे भाषेचा प्रश्न ओघाने येतो. मराठी पत्रसृष्टीविषयी अलीकडे जे मोलाचे विवेचन झाले त्यातील काही इंग्रजीत झाले आहे. वीणा नारेगल ह्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेला, पश्चिम हिंदुस्थानातील भाषा, मुद्रण आणि अभिजन ह्यांच्या परस्परसंबंधांविषयीचा ग्रंथ हे त्याचे ठळक उदाहरण. इंग्रजी अमदानीत एक द्वैभाषिक वर्ग निर्माण झाला. वरच्या ज्ञानाची भाषा इंग्रजी आणि खालच्या प्रसाराची भाषा मराठी अशी उतरंड रचली गेली. आणि ह्या उतरंडीच्या मध्यभागी उभे राहून त्या वर्गाने समाजावरील आपले वर्चस्व दृढ केले, ह्या वस्तुस्थितीचे विवेचन त्या ग्रंथात मार्मिकपणे केले आहे. विवेचन पटण्याजोगे आहे, आणि म्हणूनच ते वाचताना एक अस्वस्थता मनास स्पर्शून जाते. त्या ग्रंथाने दाखविलेली उतरंड अद्याप मोडलेली नाही. तिच्याविषयीचे उत्तम ज्ञानदेखील तिच्या वरच्या मजल्यावरच प्रथम जन्मास येते. हा दोष ग्रंथकर्तीचा नव्हे. इंग्रजीत लिहिल्यामुळे मराठी पत्रांचा इतिहास जगाच्या विद्वत्सभेत गेला, हा लाभ लहान नाही. आम्ही स्वतः इंग्रजी विद्येवरच वाढलेले. तेव्हा इंग्रजीचा दुस्वास करणे आम्हांस शोभणारे नाही. आमचे म्हणणे एवढेच की, वरच्या मजल्यावरून जिना खाली आला पाहिजे, आणि तो जिना बांधणे हे विद्यापीठातील मराठी प्राध्यापकाचे काम आहे. अनुवादकाच्या सवडीवर सोडावयाचे नव्हे.

आणि हे आमच्या परंपरेस नवीन आहे असेही नाही. मराठीतील पहिले वृत्तपत्र ६ जानेवारी १८३२ रोजी काढणारे बाळशास्त्री जांभेकर पुढे एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापक झाले. ‘दर्पणा’चे रकाने त्यांनी इंग्रजी आणि मराठी असे शेजारी शेजारी मांडले होते, आणि १८४० साली ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढून नव्या शास्त्रांची माहिती मराठीत आणली. अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात ह्या गृहस्थाने वर्ग आणि पत्र ही दोन्ही कामे एकाच कर्तव्याची अंगे मानली. बाळशास्त्र्यांचा वाचक थोडा होता आणि बव्हंशी एकाच वर्गातील होता. बनसोड्यांनी आणि आंबेडकरांनी तो वाढविला. पानतावण्यांनी त्या वाचकातून लेखक घडविले. ही एक सलग साखळी आहे. तिच्यातील प्रत्येक दुव्याने अभ्यास आणि पत्र ह्यांची फारकत होऊ दिली नाही.

कोणी म्हणेल, आता त्रैमासिकांचा काळ कोठे राहिला? हातातील दूरध्वनीवर जो तो स्वतःचा संपादक झाला आहे. दार उघडावयास कोणा पानतावण्यांची गरज नाही. हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. पण ज्यास बोलावयाचे आहे त्यास जागा मिळणे आणि ज्याचे ऐकले पाहिजे त्याचे ऐकले जाणे, ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. गर्दीत ओरडणाऱ्यास जागा असते, श्रोता नसतो. लेखनाची पारख करणारा, ते सुधारून घेणारा, लेखकाची त्याच्या वाचकाशी गाठ घालून देणारा मध्यस्थ पूर्वी हवा होता, त्याहून आज अधिक हवा आहे. धंतोलीपासून फार दूर नसलेल्या दीक्षाभूमीवर दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तनदिनी पुस्तकांची दुकाने लागतात, आणि दूरदूरच्या खेड्यांतून आलेली माणसे शिदोरीच्या पिशवीत पुस्तके घालून परत जातात. मराठीत वाचक नाही असे जे विद्वान सांगतात त्यांनी त्या दिवशी तेथे जाऊन यावे. वाचक आहे. तो काय वाचतो, का वाचतो, घरी नेल्यावर त्या पुस्तकाचे काय होते, कोणास वाचून दाखवितो, ह्याची विचारपूस करावयास मात्र कोणी जात नाही. संवादविद्येच्या एका विद्यार्थ्याने जरी वही घेऊन तेथे दोन दिवस काढले, तरी त्याच्या हाती असा प्रबंध लागेल की ज्यास परदेशी आकृतीचा टेकू घ्यावा लागणार नाही.

तात्पर्य, ज्या तरुणांस ह्या विद्येत प्राध्यापकी करावयाची आहे त्यांनी पदवी घ्यावी, इंग्रजी ग्रंथ वाचावे, निबंधही लिहावे. पोटासाठी नियमांचे पालन करण्यात कमीपणा नाही. परंतु त्याबरोबर एखादे लहानसे पत्र, एखादी वाचकसभा, एखाद्या वस्तीतील हस्तलिखितदेखील, स्वतःच्या हिंमतीवर चालवून पाहावे. आणि त्यातून जे कळेल ते मराठीत लिहावे. वर्गणी मागावयास दारोदार गेल्याशिवाय वाचक म्हणजे काय ते कळत नाही, आणि वाचक म्हणजे काय ते कळल्याशिवाय जनसंवादाची व्याख्या शिकविण्याचा अधिकार येत नाही. १९५२ साली नागपुरात ह्या विद्येस छप्पर मिळाले, त्याला आता सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला. मूळ कोठे फुटते ते औरंगाबादेस जाऊन एका नागपूरकराने दाखवून दिले आहे. तो धडा माहेरच्या शहराने घ्यावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.

धंतोली, नागपूर